आमचं वायफाय आणि दारावरचा निळा दिवा

तुळजापूर,
गुरुवार, सकाळ

तीर्थरूप अण्णाराव यांस,

अंबादासचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. कंबरेची हकीकत पुढं येणार आहे, ती वाचल्यावर तुम्हीच म्हणाल की उभ्यानं केला असता तरी चाललं असतं.) आम्ही इकडं सगळे बरे आहोत. हे तुम्हाला लिहून कळवणं म्हणजे जरा गंमतच आहे, कारण आम्ही बरे आहोत की नाही हे आमच्याआधी तुम्हाला दिसतं. दाराच्या चौकटीवर तुम्ही कॅमेरा बसवून दिलात तेव्हापासून आमच्या अंगणाची खुशाली सास्तूरला रोज पोचते. तुमची खुशाली मात्र आम्हाला अजून जुन्या पद्धतीनं विचारावी लागते. तेव्हा गुडघा कसा आहे? शेत यंदा बटईनं कुणाला दिलंत? गार वाऱ्यात बाहेर बाज टाकून झोपणं कमी केलंत का? द्वारकाबाई वहिनी गेल्यापासून तुम्ही संध्याकाळचं जेवण दूध-भाकरीवर भागवता, असं चंद्रप्रभा म्हणते. तुम्ही तिला सांगितलेलं नाही हे मला माहीत आहे, पण बहिणींना या गोष्टी कळतात.

आता पत्र कशासाठी, हा प्रश्न तुम्हाला पडेलच. फोन आहे, कॅमेरा आहे. पण मागच्या पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या कानात पाणी गेलं, तेव्हापासून तुमचा आवाज आमच्याकडं खणखणीत येतो आणि आमचा तुमच्याकडं अजिबात जात नाही. फोनवर तुमचं बोलणं चंद्रप्रभाशी होतं, आणि बहीण-भाऊ बोलत असताना मध्ये तिसऱ्यानं तोंड घालू नये हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकलो. त्यामुळं गेले काही दिवस आमच्या अंगणात जे चाललंय ते तुम्हाला दिसलं असेल, पण ते का चाललंय हे कळलं नसेल. सेवानिवृत्त कालवा निरीक्षक भर उन्हात पितळी परात डोक्यावर धरून स्टुलावर उभा आहे, एवढंच कुणी पाहिलं तर त्याचा माझ्याबद्दल गैरसमज होऊ शकतो. म्हणून सविस्तर लिहितो.

मूळ विषय देवश्रीच्या नेटचा आहे. आमची लेक, म्हणजे तुमची भाची, पुण्याच्या कंपनीचं काम माडीवरच्या खोलीत बसून करते हे तुम्हाला माहीत आहेच. (कंपनी नेमकं काय करते हे तिनं मला अनेकदा समजावून सांगितलं. मला इतकंच उमगलं की कुठल्या तरी गाड्या कुठं तरी वेळेवर पोचायच्या असतात, आणि त्या पोचल्या नाहीत की लोक देवश्रीशी बोलतात.) हे बोलणं सकाळी होतं आणि ते चालू असताना नेट तुटतं. म्हणजे पूर्ण जात नाही. गेलं असतं तर सोपं होतं. ते असतं, पण नसल्यासारखं असतं. देवश्रीचा चेहरा पलीकडच्या लोकांना तोंड अर्धवट उघडलेल्या अवस्थेत दिसतो आणि तसाच राहतो. तिच्या वरच्या अस्मिता मॅडम म्हणून आहेत, त्यांनी बरेच दिवस समजून घेतलं. मग त्यांनी कळवलं की महिनाअखेरपर्यंत हे नीट करा, नाही तर पुढच्या महिन्यापासून पुण्याला ऑफिसात येऊन बसा.

चंद्रप्रभानं हे ऐकलं आणि तिनं भाकरी थापता थापता हात थांबवला. मी म्हणालो, जग पुण्याला जातं, त्यात काय. म्हणालो खरं, पण मला ती जायला नको आहे. सकाळी माडीवरून तिचं ते गाड्यांचं बोलणं खाली येतं, त्यातलं अक्षर कळत नाही, पण ते बंद झालेलं घर कसं असेल याचा विचार मी एकदा केला आणि पुन्हा केला नाही. हे मी घरात कुणाशी बोललेलो नाही. तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही लांब आहात.

तर मी चौकशी हाती घेतली. माझी सगळी नोकरी कालव्याच्या शेवटच्या चारीला पाणी का पोचत नाही हे शोधण्यात गेली. त्यात एक गोष्ट कायम ध्यानात ठेवायची असते. ज्याच्या शेतात पाणी नाही त्याच्या शेतात उभं राहून कारण सापडत नाही, वर चालत जावं लागतं. कुणी तरी कुठं तरी दार उचललेलं असतं, आणि उचलणारा बहुधा आपला नातेवाईक असतो. (हे वाक्य मी सहज लिहिलं आहे.) पहिल्यांदा केबलवाल्या सिदूला बोलावलं. हा सिदू पूर्वी गावोगावी व्हिडिओ दाखवायचा, मग डिश बसवायचा, आता नेट बसवतो. त्याच्या उपायात मात्र धंद्यागणिक फरक पडलेला नाही. बंद करा, थांबा, चालू करा. तसं करून झालं. मग त्यानं डब्याला वायर लावून वेग मोजला, तो भरपूर होता. तोच वेग देवश्रीच्या खोलीत हवेतून मोजला, तर थेंब थेंब. सिदू म्हणाला, "काका, भाईरून पानी फुल्ल हाय. तुमच्या घरातच कुठं तरी जिरतंय." एवढं सांगून तो चहा पिऊन गेला. पण त्यानं कामाची गोष्ट सांगितली होती. गळती घरात होती.

घरात पाहायला गेलो तर पहिला संशय खुद्द डब्यावरच गेला. मागच्या खंडेनवमीला चंद्रप्रभानं विळी, कात्री, शिलाई मशीन, माझा जुना टेप आणि हा वायफायचा डबा अशी सगळ्यांची पूजा मांडली होती. बाकीची मंडळी दसऱ्यानंतर आपापल्या कामाला लागली. डबा मात्र मधल्या खोलीच्या कोनाड्यातच राहिला. त्याच्या दोन्ही शिंगांना झेंडूची माळ होती (वाळलेली), अंगावर क्रोशाचं झाकण होतं, आणि एका बाजूला पिठाचा स्टीलचा डबा आणि दुसऱ्या बाजूला तांब्याचा हंडा होता. सोलापूरला इंजिनिअरिंग शिकणारा माझा पुतण्या उत्कर्ष फोनवर म्हणाला की काका, धातूच्या मध्ये ठेवलंत तर लहरी जाणार कुठून? मी डबा हलवतो म्हणालो, तर चंद्रप्रभा म्हणाली पूजेतली वस्तू अशी उचलत नाहीत. मग रीतसर अक्षता वाहून, पुन्हा यावं अशी विनंती करून डबा कोनाड्यातून उठवला आणि टेबलावर आणला. देवश्रीच्या खोलीत थोडा फरक पडला, पण सकाळची वेळ झाली आणि पुन्हा तेच.

मग कपाट. तुमच्या वडिलांनी लग्नात दिलेलं लोखंडी कपाट, आरशाचं, मधल्या खोलीत जिन्याच्या वाटेवरच उभं होतं. लोखंडही आणि आरसाही, म्हणजे लहरींना दुहेरी अडथळा, असं उत्कर्षचं म्हणणं. ते मी आणि शेजारचे अमरनाथ, असे दोघांनी मिळून हलवायला घेतलं. (अमरनाथ माझ्याच वयाचे, पोस्टातून निवृत्त. दोघांनाही कपाट हलवण्याचा अनुभव नव्हता आणि दोघांनीही तसं सांगितलं नाही.) ते अंगणात आलं त्या क्षणी वरून तुमचा आवाज आला, "दाजी, पायानं उचला, कमरेनं न्हाय!" सल्ला अगदी योग्य होता. जरा आधी आला असता तर उपयोगी पडला असता. माझी कंबर तिथंच धरली, अमरनाथांनी दचकून हात सोडले, आणि कपाट अंगणात नळाशेजारी जे टेकलं ते टेकलं. आत जाताना ते दारात बसेना. बाहेर येताना कसं आलं हे कुणालाच सांगता येत नाही. सध्या त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवल्या आहेत. नेटमध्ये काडीचाही फरक पडला नाही.

परातीचं प्रकरण त्यानंतरचं. उत्कर्षनंच सांगितलं की अडवणारा धातू योग्य जागी धरला तर लहरी परत फिरवतोही. म्हणून डबा ओसरीवर आणला, आणि त्याच्यामागं परात तिरकी धरून मी स्टुलावर उभा राहिलो, म्हणजे सगळा झोत माडीच्या खिडकीत जावा. देवश्री वरून डावीकडं, उजवीकडं असं सांगत होती. तिची एक अख्खी बैठक मी तसा उभा होतो. झोत खिडकीत गेला की नाही ठाऊक नाही, पण परातीवरचं ऊन अमरनाथांच्या स्वयंपाकघरात गेलं, आणि त्यांच्या घरून निरोप आला की काय असेल ते बंद करा, पोळ्या दिसत नाहीत. त्याच वेळी तुम्ही म्हणालात, "दाजी, टोपी घाला की. ऊन लई हाय." तुमचं बरोबर होतं, पण दोन्ही हात परातीला होते. शेवटी चंद्रप्रभानं आतून टोपी आणून माझ्या डोक्यावर ठेवली आणि तुमच्याकडं बघून हात केला, झालं म्हणून. तुम्ही "हां" म्हणालात. माझ्या टोपीचा कारभार असा माझ्या डोक्यावरून चालतो.

यानंतर माझ्या लक्षात आलं की मंगळवारी आणि शुक्रवारी नेटचे हाल जास्त होतात. मंगळवार-शुक्रवार म्हटलं की तुळजापुरात लहान मूलही कारण सांगेल. देवीचे वार, आणि आमच्याकडं दर्शनाला आलेल्या यजमानांची गर्दी. पूजेचं काम चुलतभावाकडं असलं तरी पिढ्यान्‌पिढ्यांचे यजमान आंघोळीला आणि पिशव्या ठेवायला आमच्याच अंगणात येतात. पूर्वी आल्या आल्या गरम पाणी मागायचे, आता पासवर्ड मागतात. रोज रोज सांगून चंद्रप्रभाचा घसा बसायला लागला, तेव्हा मी तो नळाजवळच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून टाकला. तो आम्ही कधी बदलला नाही. पासवर्ड बदलणं म्हणजे आल्या माणसाला दार लावून घेण्यासारखं आहे, असं चंद्रप्रभाचं मत, आणि ते चूक आहे असं मला कधी वाटलं नाही. आळंदकडचे आमचे यजमान बसवराज तर म्हणतात की गल्लीच्या तोंडाशी आलो की फोन आपोआप लागतो, घर आम्हाला ओळखतं.

(याच बसवराजांच्या आईचा प्रसंग तुमच्या लक्षात असेल. म्हातारी नळावर पाय धूत होती आणि वरून तुमचा आवाज आला, "चंद्रे, चुलीवरचं दूध उतू चाललंय बघ!" म्हातारीनं वर पाहिलं, तिथं कुणी नाही. तिनं पदर सावरून हात जोडले, आणि खणा-नारळाची ओटी दाराखाली ठेवली. तिथवर ठीक होतं. पण त्यावर तुम्ही "असू द्या, असू द्या" म्हणालात, ते बरं केलं नाही. आता त्यांच्या गावचे लोक आले की आधी आमच्या चौकटीच्या पाया पडतात आणि मग देवळात जातात.)

तर इतकी माणसं, इतके फोन, आणि हवा एकच. मी घरात जाहीर केलं की पाणी इथंच जिरतंय. चंद्रप्रभाला ते रुचलं नाही, पण लेकीचा प्रश्न होता, म्हणून तिनं अडवलंही नाही. पुढच्या मंगळवारी पहाटे देवश्रीनं पासवर्ड बदलला आणि मी भिंतीवरच्या जुन्या पासवर्डावर चुना फासला. बसवराज आले. गल्लीत हात उंच करून फोन फिरवत बराच वेळ उभे होते. मग आत येऊन हळूच म्हणाले, "काका, घर वळखंना झालं की ओ." मला त्यांच्याकडं बघवेना. पण अण्णा, त्या सकाळी नेट जे चाललं, ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. देवश्रीचं बोलणं एकदाही तुटलं नाही. भरल्या कालव्यासारखं एका संथ वेगानं ते माडीवरून खाली येत होतं. मी कंबरेला शेक घेत पडलो होतो तो उठून बसलो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी आमच्या बाजूनं लिहितो. पासवर्ड बदलला तेव्हा कॅमेऱ्याला नवीन पासवर्ड द्यायचा राहून गेला, आणि तो बंद पडला. हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. तुमचे फोन आले तेव्हा देवश्री बैठकीत होती, चंद्रप्रभा फोन घरी ठेवून देवळात गेली होती आणि माझा डोळा लागला होता. संध्याकाळी दारात बघतो तर तुम्ही. हातात पिशवी नाही, पायात दोन निराळ्या चपला. तुम्ही आधी मधल्या खोलीच्या दगडी भिंतीकडं पाहिलंत, मग चंद्रप्रभाकडं पाहिलंत, मग पाणी प्यालात, आणि मग विचारलंत की कॅमेऱ्याला काय झालं. चंद्रप्रभा तुम्हाला रागावली की यवढ्यासाठी कुणी एसटीनं धावत येतं का, आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

तुम्ही दोन दिवस राहिलात. अंगणात बाज टाकून झोपलात. सकाळी बहीण-भाऊ कपाटाच्या सावलीत शेंगा फोडत बसलात आणि सास्तूरच्या कुणाकुणाचं बोलत राहिलात. वर देवश्रीचं नेट न अडखळता चाललं होतं. अस्मिता मॅडम म्हणाल्या म्हणे की देवश्रीचा चेहरा आज पहिल्यांदा नीट दिसला. निघायच्या आधी तुम्ही देवश्रीकडून कॅमेरा पुन्हा जोडून घेतलात, मी तुम्हाला स्टँडवर सोडलं, आणि दुसऱ्या सकाळपासून देवश्रीचं तोंड पुन्हा अर्धवट उघडं राहायला लागलं. म्हणजे बिचारे यजमान निर्दोष होते. मी नवा पासवर्ड भिंतीवर, आधीपेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिला, आणि बसवराजांना फोन करून सांगितलं की घरानं ओळख दाखवली आहे, यावं.

तर असा सगळा प्रकार आहे. कारण अद्याप सापडलेलं नाही, असं आमच्या घरात म्हणतात. देवश्रीनं पुण्यात खोली बघायला मैत्रिणीला सांगून ठेवलंय. घरातल्या सगळ्यांना नमस्कार असं लिहिणार होतो, पण तिथं तुम्ही एकटेच आहात, तेव्हा सगळ्यांच्या वाटणीचा नमस्कार तुम्हालाच. तब्येतीला जपा.

तुमचा,
अंबादास

ता. क. कारण सापडलं आहे. वर खोटं लिहिलं नाही, घरात तसं म्हणतात एवढंच लिहिलं. तुम्ही तिकडं कॅमेरा उघडून बघायला लागलात की आमच्या दारावर त्याचा निळा दिवा लागतो. दिवा लागला की देवश्री थांबते, विझला की चालू होते. मी खाली उभा राहून हे इतक्यांदा पडताळलं आहे की आता शंका नाही. घरातली हवा म्हणजे एकच चारी, सगळ्यांनी पाळीपाळीनं घ्यायची. कॅमेरा आहे दगडी भिंतीच्या पलीकडं. त्याचं चित्र भिंतीतून एका दमात जात नाही, पुन्हा पुन्हा पाठवावं लागतं, आणि त्याची पाळी उरकेपर्यंत बाकीचे खोळंबतात. फुटक्या पाटानं पाणी नेणाऱ्या शेतकऱ्यासारखं आहे ते. त्याच्या शेतात पाणी थोडंच पोचतं, पण पाळी सगळी तोच खातो. आणि मंगळवार-शुक्रवारचं म्हणाल तर त्या दिवशी चंद्रप्रभा यजमानांपायी सकाळभर अंगणात असते, म्हणून तुमचा दिवाही सकाळभर असतो.

सिदू म्हणतो, भिंतीला भोक पाडू, वायर घालू, विषय संपला. मी नको म्हणालो. त्या भिंतीला हात लावू नका, असं तुम्ही सांगून ठेवलंय, आणि ते का सांगितलंय हे मला माहीत आहे. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या त्या पहाटेनंतर तुम्ही आहात की नाही हे आम्हाला आणि आम्ही आहोत की नाही हे तुम्हाला कळायला संध्याकाळ झाली होती. तेव्हाही तुम्ही दारात येऊन उभे राहिलात, अंगभर माती. आधी भिंतीकडं पाहिलंत, मग चंद्रप्रभाकडं, आणि मग पाणी प्यालात. या खेपेला तुम्ही आलात तेव्हा मला तेच आठवलं. कॅमेरा बंद करा असं तुम्हाला सांगायची माझी छाती नाही, आणि घरात दोघींना तर विचारायचीही सोय नाही. चंद्रप्रभा म्हणते, माझा भाऊ बघतोय तर बघू द्या. देवश्री म्हणते, "बाबा, मामाला यातलं काही कळता कामा नये. मी जाते पुण्याला." तेव्हा हे पत्र मी लिहिलं असं कुणाला सांगू नका.

ता. क. दुसरा. तुमचे डोळे चांगले आहेत. मध्यंतरी देवश्रीनं कॅमेऱ्याचं चित्र जरा हलकं करून पाहिलं होतं, म्हणजे भार कमी व्हावा. त्या दिवसांत नेट बरं चाललं. पण तुम्हाला वाटलं मोतीबिंदू झाला, आणि तुम्ही उमरग्याला जाऊन हट्टानं चष्मा बदलून आणलात. हे कळल्यावर देवश्री रडली आणि तिनं चित्र पूर्ववत केलं. नव्या चष्म्यानं आता फार स्वच्छ दिसतं असं तुम्ही म्हणालात, ते त्या चित्रामुळं. जुना चष्मा टाकला नसेल तर तोच वापरा.

ता. क. तिसरा. खरं काम हे आहे. सगळी तपासणी केल्यावर एकच उपाय निघतो. तुम्ही इथं असलात की नेट चालतं. तेव्हा तुम्ही इकडं राहायला या. महिनाअखेरपर्यंत म्हणून या, देवश्रीची नोकरी वाचवायला म्हणून या, पुढचं पुढं बघू. शेत बटईनंच आहे, त्याला तुमची रोजची गरज नाही. बाज अंगणात टाकायला आमची हरकत नाही, आणि भिंतीपासून किती लांब टाकायची ते तुम्हीच ठरवा. कपाट आत घ्यायलाही एक जाणता माणूस हवाच आहे, पायानं उचलणारा. कॅमेरा काढून आपण सास्तूरला तुमच्या दारावर लावू, म्हणजे इथं बसून तुम्हाला तुमचं घर दिसेल. त्यातून काय बघायचं आणि काय सांगायचं ते चंद्रप्रभा बघून घेईल.

ता. क. चौथा. हे सगळं मी अंगणातच, कपाटाच्या सावलीत बसून लिहिलं. चंद्रप्रभा देवळात गेली आहे म्हणून ही वेळ धरली. ती अंगणात नसताना तुम्ही कशाला बघाल, असा माझा अंदाज होता. तिसरा ता. क. संपवून मान वर केली तर दिवा चालू. कधीपासून होता कोण जाणे. मग तुम्ही विचारलंत, "दाजी, सकाळधरनं काय लिवताय यवढं?" आमचा आवाज तुम्हाला येत नाही, म्हणून मी हातानंच काही नाही अशी खूण केली. मग तुम्ही विचारलंत, "चंद्री कुठंय?" मी देवळाच्या दिशेनं हात जोडून दाखवले. तुम्ही "बरं" म्हणालात. आता दिवा विझेल असं मला वाटलं. विझला नाही. अंगणात बघण्यासारखं काही नव्हतं. एक नळ, एक कपाट आणि मी. माडीवर देवश्रीचं बोलणं मध्येच थांबलं, पण तिनं खाली हाक मारली नाही. मी उठून आत जाऊ शकलो असतो. लिहायचं काही उरलं नव्हतं, तरी पेन हातात धरून दिवा विझेपर्यंत तसाच बसून राहिलो. कपाटाची सावली सरकून ऊन माझ्यावर आलं होतं. तुम्ही काही म्हणाला नाहीत, कारण टोपी मी आधीच घातली होती.